धातूंचं संशोधन अणुपातळीवर करायचंय: टीईएम, अ‍ॅटम प्रोब की सिम्युलेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मटेरियल सायन्समधलं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. एका व्याख्यानात मिश्रधातूचं एक चित्र पाहिलंत, त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक अणू होता, आणि तेव्हापासून आपण हेच करायचं असं डोक्यात बसलंय. पीएच.डी.साठी तीन ठिकाणांहून होकार आलाय. एक जागा टीईएमची, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरची. दुसरी अ‍ॅटम प्रोबची, म्हणजे धातूच्या सुईवरून एकेक अणू सोडवून तो ओळखणाऱ्या यंत्राची. तिसरी सगळी संगणकावरची. पुढे प्राध्यापक व्हायचंय, तर यातली कुठली धरावी? आणि मशीन लर्निंग आल्यावर या सगळ्याला भवितव्य उरणार का?

या सगळ्याच्या मधोमध तुम्ही सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे. प्रबंधासाठी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम-सिलिकॉनचे नमुने भट्टीतून काढून पाण्यात थंड केले, मग सुट्टी लागली म्हणून ते आठवडाभर टेबलावर पडून राहिले, आणि नंतर १८० अंशांना तापवल्यावर त्यांची कठिणता बाकीच्या नमुन्यांपेक्षा पंधरा-वीस विकर्सने (विकर्स हे कठिणतेचं एकक) कमी आली. ‘प्रयोगातली चूक’ म्हणून ते आकडे तुम्ही वगळले. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ही आहे. तिच्याकडे येतोच.

मी स्वतः अ‍ॅटम प्रोब आणि टीईएम वापरून मिश्रधातूंवर काम करतो, विद्यार्थी सांभाळतो, नव्या प्राध्यापकांच्या निवड समित्यांवरही बसलो आहे. त्यामुळे उत्तर प्रयोग करणाऱ्याच्या बाजूला थोडं झुकलेलं असेल, ते धरून चाला.

तुम्ही विचारलंय ‘कुठलं तंत्र’. पण तंत्र निवडून करिअर होतं, हे गृहीतकच मला पटत नाही. अणू दिसणं ही आता बातमी राहिलेली नाही. १९५५ साली अर्विन म्युलर आणि त्यांचा विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू फील्ड आयन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. त्याला सत्तर वर्षं झाली. एखादा धातू असाच का वागतो, याचं उत्तर अणूंच्या मांडणीत शोधता येतं का, ही अडचण मात्र तेव्हाइतकीच ताजी आहे. आमच्या क्षेत्रात टिकलेली माणसं बहुतेक एखाद्या प्रश्नासाठी ओळखली जातात. ‘हायड्रोजनने पोलाद ठिसूळ का होतं’ यावर काम करणारी व्यक्ती, ‘निकेलच्या मिश्रधातूंत रेनियम नेमकं काय करतं’ यावर काम करणारी व्यक्ती, अशी. यंत्रं मधल्या काळात दोन-तीनदा बदललेली असतात.

इतिहासही हेच सांगतो. १९२६ साली फ्रेंकेल यांनी हिशेब मांडला, की परिपूर्ण स्फटिकातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकवायला किती ताण लागेल. उत्तर प्रत्यक्षातल्या धातूंच्या ताकदीपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी जास्त आलं. ही तफावत सोडवायला १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे डिसलोकेशनची कल्पना मांडली, म्हणजे स्फटिकातला असा रेषेसारखा दोष की जो सरकला की थर टप्प्याटप्प्याने सरकतो. तो दोष प्रत्यक्ष हलताना दिसायला १९५६ उजाडावं लागलं. केंब्रिजमध्ये हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात तो टीईएमने दाखवला. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये, सौम्य पोलादाच्या ताण-आलेखात सुरुवातीलाच दिसणारं ते विचित्र टोक समजावून सांगताना म्हटलं होतं, की कार्बनचे अणू डिसलोकेशनभोवती गर्दी करून तिला जखडून ठेवत असणार. अशी गर्दी अणुपातळीवर त्रिमितीत दाखवली ती फ्रान्समधल्या रूआँच्या गटाने, १९९९ मध्ये, तीही लोह-अ‍ॅल्युमिनियममधल्या बोरॉनची. मध्ये पन्नास वर्षं गेली. आणि दोन्ही वेळा प्रश्न कुठून आला होता? खेचून तोडलेल्या साध्या धातूच्या तुकड्यातून.

आता तुमच्या टेबलावर आठवडाभर पडलेल्या नमुन्यांकडे येऊ. तीन तंत्रांचा फरक मला त्यांच्यावरच दाखवता येईल.

तुम्ही पाहिलंत ती चूक नव्हती. मोटारीच्या पत्र्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या या मिश्रधातूंच्या कुटुंबात, ज्यांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन पुरेसं आहे त्यांत, हे नेहमी घडतं आणि कारखान्यांना त्याची डोकेदुखी आहे. पत्रा आधी तयार होतो, मग काही दिवस-आठवडे गोदामात पडून राहतो, मग त्याची गाडी बनते आणि रंग पक्का करताना भट्टीत त्याला जी उष्णता मिळते त्यातच त्याने कठीण व्हावं अशी अपेक्षा असते. गोदामातल्या मुक्कामाने ती कठिणता घटते. साधारण ५५० अंशांवरून पाण्यात बुडवल्यावर स्फटिकात रिकाम्या जागा, म्हणजे व्हेकन्सी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त अडकून राहतात. त्यांच्या आधाराने मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू खोलीच्या तापमानालाही हलतात आणि काही तासांत छोटे छोटे पुंजके होतात. हे पुंजके पुढे १८० अंशांना धड विरघळत नाहीत, आणि धातूला खरी ताकद देणाऱ्या सुईसारख्या बारीक कणांत सहज रूपांतरितही होत नाहीत. शिवाय ते व्हेकन्सी अडकवून ठेवतात, त्यामुळे पुढची हालचालच मंदावते. यातला कुठला परिणाम किती मोठा, यावर आमच्यात अजून वाद आहेत. पीएच.डी.ला साजेसा प्रश्न असाच असतो. ठोका मारून मोजता येतो, कारखान्याला त्याची पर्वा असते, आणि उत्तर काही नॅनोमीटरमध्ये दडलेलं असतं.

हा प्रश्न घेऊन टीईएमपाशी गेलात तर काय होईल? तीन मिलिमीटरची चकती कापाल, इलेक्ट्रोपॉलिशिंग करून, म्हणजे रसायनात विजेने झिजवून, मधोमध भोक पाडाल आणि भोकाच्या काठावरचा काही दहा नॅनोमीटर जाडीचा भाग पाहाल. नमुना तिरपा करत करत अणूंच्या रांगा बरोबर डोळ्यांच्या रेषेत आणाव्या लागतात. १९९८ नंतर, हायडर, रोझ आणि अर्बन यांनी भिंगाचा दोष दुरुस्त करून दाखवल्यापासून, या रांगा विलक्षण स्पष्ट दिसतात. पण चित्र म्हणजे ओवलेल्या मण्यांच्या माळेकडे टोकाकडून पाहिल्यासारखं असतं. एका ठिपक्यामागे शंभर-दीडशे अणू उभे असतात. जड अणू जास्त चमकतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियममधला तांब्याचा एक अणू जाडीचा थरही लख्ख दिसतो. गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या अप्रत्यक्ष खुणांवरून ओळखलेला थर तो हाच. तुमच्या मिश्रधातूत मात्र मॅग्नेशियमचा अणुक्रमांक १२, अ‍ॅल्युमिनियमचा १३, सिलिकॉनचा १४. तिघंही जवळजवळ सारखेच चमकणार. पूर्ण वाढलेल्या सुया दिसतील, त्यांची रचनाही मिळेल, पण पहिल्या तासात जमलेला पंधरा-वीस अणूंचा पुंजका टीईएमच्या हाताला लागणं अवघड. त्यात जास्त व्होल्टेजच्या इलेक्ट्रॉनांनी अ‍ॅल्युमिनियमचे अणू जागेवरून उडतात, म्हणजे तुम्ही पाहता पाहता नव्या व्हेकन्सी तयार करत असता. ज्या प्रश्नात व्हेकन्सी हेच मुख्य पात्र आहे, तिथे हे फार नडतं.

अ‍ॅटम प्रोबमध्ये चकतीऐवजी सुई लागते, टोकाची त्रिज्या पन्नास नॅनोमीटरच्या आसपास. ती अतिनिर्वात कक्षात, वीस ते ऐंशी केल्विनला थंड करून, काही हजार व्होल्ट देऊन ठेवायची. टोकाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की व्होल्टेजचा किंवा लेझरचा आणखी एक लहानसा धक्का बसला की पृष्ठभागावरचा अणू आयन होऊन सुटतो. डिटेक्टरवर तो कुठे आदळला त्यावरून त्याची जागा कळते आणि पोचायला किती वेळ लागला त्यावरून तो कोण ते कळतं. १२, १३, १४ चा घोळ इथे होत नाही, कारण इथे चमक नव्हे, वस्तुमान मोजलं जातं. तुमच्या प्रश्नाला अगदी योग्य साधन, असं वाटेल.

वाटेल खरं, पण व्याख्यानातल्या त्या चित्राबद्दल थोडं सांगतो. प्रत्येक ठिपका एक अणू हे बरोबर. प्रत्येक अणूचा ठिपका मात्र तिथे नसतो. यंत्राच्या प्रकारानुसार साधारण एकतृतीयांशापासून ते पाचांतल्या चारांपर्यंत अणू मोजले जातात, बाकीचे हुकतात. पंधरा अणूंच्या पुंजक्यातले सात-आठच दिसले, आणि आडव्या दिशेने तेही थोडे विस्कटलेले असले, तर हा खरा पुंजका की योगायोगाने जवळ आलेले अणू? संगणकावर त्याच धातूतल्या अणूंची नावं यादृच्छिकपणे अदलाबदल करून पाहायचं, तरीही तेवढेच पुंजके ‘सापडतात’ का ते बघायचं, आणि सापडले तर गप्प बसायचं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला पहिलं काम मी हेच देतो. रंगीत चित्र काढायला नंतर शिकवतो.

वस्तुमानातही खोडी आहेत. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला सिलिकॉन-२८ आणि एक गमावलेला नायट्रोजन-१४ हे दोघेही १४ वर येतात, कारण यंत्राला प्रत्यक्षात वस्तुमान भागिले विद्युतभार एवढंच कळतं. पोलादात दोन्ही असली की हे कोण, हे रेषेच्या जागेवरून कळत नाही, बाकीच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून हिशेब करावा लागतो. लोह-५६ दोन इलेक्ट्रॉन गमावून २८ वर येऊन बसतं, तिथे पुन्हा सिलिकॉन आहेच. हायड्रोजनचं तर विचारूच नका. तो कक्षाच्या भिंतीतूनही येतो. म्हणून हायड्रोजन शोधणारे नमुन्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरतात आणि नमुना गोठवून ठेवत यंत्रापर्यंत नेतात. सिडनीच्या गटाने २०२० मध्ये याच रीतीने पोलादातल्या डिसलोकेशनवर आणि कणांवर अडकलेला हायड्रोजन दाखवला. नमुना बनवतानाच्या फसगतीही आहेत. सुया कापायला गॅलियम आयनांचा किरण वापरतात, आणि गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या ग्रेन बाउंड्रीत, म्हणजे दोन स्फटिककणांमधल्या सीमेत, आनंदाने शिरतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी आम्ही म्हणून शक्यतो साधं इलेक्ट्रोपॉलिशिंग, नाहीतर झेनॉनचा किरण किंवा थंड केलेला नमुना वापरतो.

आता आकाराचा हिशेब. सरासरी ऐंशी नॅनोमीटर जाड आणि दोनशे नॅनोमीटर लांब सुई धरा. घनफळ सुमारे दहा लाख घन नॅनोमीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या एका घन नॅनोमीटरमध्ये साठ अणू असतात, म्हणजे एकूण सहा कोटी अणू. आकडा ऐकायला मोठा आहे, पण वजन करा: तीन फेम्टोग्रॅमच्या आत, म्हणजे एका ग्रॅमचे हजार लाख कोटी भाग केले तर त्यातले पुरते तीनही नाहीत. दिवसभराच्या मेहनतीनंतर तुम्ही धातूचा एवढाच भाग पाहिलेला असतो. तुमच्या प्रश्नात हे चालून जातं, कारण ताकद देणारे कण घनमीटरला एकावर बावीस शून्यं एवढे दाट असतात, म्हणजे एका सुईत दहाएक तरी सापडतात. पण प्रश्न ग्रेन बाउंड्रीचा असेल आणि ग्रेन पन्नास मायक्रोमीटरचे असतील, तर डोळे मिटून बनवलेल्या सुईत बाउंड्री सापडण्याची शक्यता अडीचशेत एक. मग आधी बाउंड्री शोधून नेमकी तिथलीच सुई कापावी लागते, आणि मग तुम्ही निवडलेली बाउंड्री बाकीच्यांसारखी आहे हे कुणी सांगितलं, असं रिव्ह्यूअर विचारतो. बरोबरच विचारतो.

संगणकाकडे वळू. इथे व्हेकन्सी थेट ‘दिसते’, कारण ती तुम्हीच ठेवलेली असते. होहेनबर्ग, कोन आणि शाम यांच्या १९६४-६५ च्या कामातून आलेली डीएफटी, म्हणजे क्वांटम नियमांवरून अणूंची ऊर्जा काढण्याची पद्धत, वापरून व्हेकन्सी मॅग्नेशियमला जास्त धरून राहते, सिलिकॉनला की आणखी कुणाला, हे बऱ्यापैकी विश्वासाने काढता येतं. पण सहसा काहीशे अणूंसाठी. कोट्यवधी अणू हवे असतील तर अणूंमधल्या बलांचं सोपं सूत्र लागतं. धातूंसाठी डॉ आणि बास्केस यांची १९८४ ची पद्धत अजूनही चालते. खरी अडचण वेळेची आहे. एक पायरी एका-दोन फेम्टोसेकंदांची असते, दहा लाख पायऱ्यांनंतर जेमतेम नॅनोसेकंद होतो. नॅनोसेकंदात धातू दहा टक्के ताणला म्हणजे वेग सेकंदाला एक हजार कोटी टक्क्यांवर गेला, तर प्रयोगशाळेतलं खेचयंत्र सेकंदाला टक्क्याच्या दहाव्या भागाने खेचतं. आणि तुमचे पुंजके व्हायला तास लागतात! त्यामुळे व्हेकन्सीच्या उड्या एकेक करून मोजणाऱ्या मॉन्टे कार्लोसारख्या वाटा काढाव्या लागतात, आणि त्यांना लागणारे आकडे पुन्हा डीएफटीकडून आणावे लागतात.

मशीन लर्निंगबद्दल इथेच सांगून टाकतो. डीएफटीच्या हिशेबांवर शिकवलेली बलसूत्रं आल्यापासून ही बाजू खरोखर बदलली आहे. डीएफटीच्या जवळ जाणारी अचूकता आता लाखो अणूंपर्यंत नेता येते. पण जे त्यांना शिकवलेलं नाही तिथे ती बिनधास्त चुकतात, आणि चुकताना तसा इशारा देत नाहीत. डिसलोकेशनच्या गाभ्यातले अणू कधी दाखवलेच नसतील तर तिथलं उत्तर कशाच्या भरवशावर घ्यायचं? हे ओळखायला धातू कळणारा माणूसच लागतो. अ‍ॅटम प्रोबच्या डेटात पुंजके ओळखण्यासाठीही हे वापरलं जातं. माझा गटही वापरतो. अदलाबदलीची ती परीक्षा मात्र त्यालाही द्यावी लागते.

म्हणजे तुमच्या एका कठिणतेच्या आकड्यासाठी अ‍ॅटम प्रोब पुंजक्यात काय आहे ते सांगेल, टीईएम त्याचं पुढे काय झालं ते सांगेल आणि डीएफटी ते का झालं याचा अंदाज देईल. व्हेकन्सी मोजायला तर चौथ्याच कुणाकडे, पॉझिट्रॉनवाल्यांकडे (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, तो व्हेकन्सीत अडकतो) जावं लागेल. एकाच यंत्रावर पुरं होईल असं यात काहीच नाही. याचं एक सुंदर उदाहरण संशोधन-साहित्यात आहे. व्हेकन्सी घट्ट धरून ठेवणारं मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात घातलं तर? कथिल हे काम करतं. खोलीच्या तापमानाला कथिलाचे अणू व्हेकन्सी अडकवून ठेवतात, त्यामुळे पुंजके होणं लांबतं. १८० अंशांच्या आसपास त्यांना सोडून देतात, मग कठीण होण्याची प्रक्रिया व्यवस्थित चालते. ऑस्ट्रियातल्या लिओबेनच्या आणि झुरिचच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. यातलं यंत्र महत्त्वाचं नव्हतं असं नाही, पण कल्पना आली ती व्हेकन्सीचा विचार करता करता.

मग तीनपैकी कुठली जागा? काही गोष्टी खरंच तुमच्यावर आणि त्या ठिकाणावर अवलंबून आहेत. हातांना चिकाटी आहे का? सहा सुयांपैकी चार यंत्रात तुटणं हे अ‍ॅटम प्रोबमध्ये अगदी सामान्य आहे. त्याने ज्यांचा दिवस खराब होतो त्यांचं वर्षही खराब जातं. गणित आणि कोड लिहिणं आवडतं का? संगणकावरचं काम घरात बसून होतं असं बाहेरून वाटतं, प्रत्यक्षात बरेच महिने ‘हा निकाल खरा की माझ्या सेटिंगचा?’ यात जातात. यंत्र त्या संस्थेचं स्वतःचं आहे की दुसरीकडे वेळ मागून वापरायचं आहे? आणि गाईड. तीनपैकी दोन ठिकाणी साधन जास्त भारी आणि तिसऱ्या ठिकाणी गाईड जास्त चांगला असेल, तर मी तिसरीकडे जाईन, आणि याबाबत मला फारशी शंका नाही.

प्राध्यापकीचं बोलायचं तर, आकडे कुणाच्याच बाजूने नाहीत. जितके पीएच.डी. बाहेर पडतात तितक्या जागा कुठल्याच देशात निघत नाहीत. तीन ते पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनपदं), बहुधा वेगवेगळ्या शहरांत किंवा देशांत, मग कुठे अर्ज करायला पात्र. तिशीच्या मध्यापर्यंत नोकरीची शाश्वती नसणं ही या वाटेची नेहमीची स्थिती आहे, आणि घरच्यांशी ती आधी बोलून ठेवावी. चांगली बाजू अशी, की अणुपातळीवर धातू पाहता येणाऱ्यांना विद्यापीठाबाहेरही मागणी आहे: पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कंपन्या, टर्बाइन बनवणारे, अणुऊर्जा, आणि टीईएमवाल्यांना तर सेमीकंडक्टर उद्योग. तिकडे जाणं म्हणजे हार मानणं, असा एक सूर विद्यापीठांत ऐकू येतो. तो मनावर घेऊ नका, तो लावणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः कधी बाहेर गेलेले नसतात.

निवड समितीच्या खोलीत काय चालतं ते सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. अ‍ॅटम प्रोब उत्तम चालवणारे उमेदवार येतात, पन्नास-साठ पेपरांत नाव असतं, पण बहुतेक ठिकाणी मधलं. कुणाचा पोलादाचा नमुना, कुणाचा टायटॅनियमचा, कुणाचा चुंबकाचा. यांनी मोजून दिला. अशा माणसाशिवाय आमचं क्षेत्र चालत नाही, आणि तरीही जागा देताना समिती अडखळते. त्यांना विचारलेला प्रश्न साधा असतो: आमच्याकडे ते यंत्र नाही, पहिली तीन वर्षं तुम्ही काय कराल? ज्याच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे तो सांगतो की कठिणता मोजेन, रेझिस्टिव्हिटीने (विजेला होणाऱ्या विरोधाने) पुंजके वाढताना पाहीन, अमुक दोन संचांना अ‍ॅटम प्रोबची वेळ बाहेरून मागेन. दुसरा म्हणतो, यंत्र घ्या. नव्या प्राध्यापकाला अ‍ॅटम प्रोब विकत घेऊन देणारी विद्यापीठं फार थोडी आहेत.

दुसरी गोष्ट गाईडपासून वेगळं होण्याची. पोस्टडॉकच्या काळात निदान एक काम असं हवं, ज्याची कल्पना तुमची आहे हे गाईड स्वतः लिहून देईल. अशी शिफारसपत्रं आम्ही वाचतो आणि त्यातलं एखादं वाक्य निर्णय फिरवतं.

आणि प्राध्यापक झाल्यावर सूक्ष्मदर्शकासमोर बसायला मिळेल या आशेवर असाल तर तीही आत्ताच सोडा. अनुदानाचे प्रस्ताव, वर्ग, विद्यार्थ्यांचे मसुदे, यंत्राचा पंप बिघडला म्हणून फोन. डेटा गोळा करण्याचा आनंद पोस्टडॉकपर्यंतच भरपूर असतो. त्यानंतरचा आनंद वेगळा आहे. विद्यार्थी एखादा आलेख घेऊन येतो, तुम्ही दोघं त्यातला न बसणारा एक बिंदू पाहत बसता. तुम्ही वगळलेले ते नमुने अजून असतील तर फेकू नका. तसेच नवे बनवायला मात्र एक आठवडा पुरेल: एक संच थंड केल्यावर लगेच तापवा, एक तासाभराने, एक दिवसाने, एक आठवड्याने. तापमान आणि भट्टीतला वेळ सगळ्यांना एकच ठेवा, प्रत्येकावर पुरेसे ठोके मारा आणि त्रुटीसकट आलेख काढा. तो आलेख तिन्ही गाईडना पाठवा आणि विचारा, तुमच्याकडे आलो तर याचं काय करू? सोबत हेही विचारा, की एका विद्यार्थ्याला महिन्याला यंत्राचे किती तास मिळतात, कच्चा डेटा कुणाकडे राहतो, आणि आधीचे चार-पाच विद्यार्थी आता कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या विद्यार्थ्यांना थेट फोन करूनही पडताळा. ज्या गाईडचं उत्तर ‘आधी हे मिश्रधातूचं रासायनिक पृथक्करण पाठव, सिलिकॉन नेमकं किती आहे?’ असं येईल, तिथे तंत्र कुठलंही असो, बोलणं पुढे न्या.